डावी बाजू

माझं काम झाकायचं.
पंचवीस वर्षं झाकत आले:
बातम्या देणाऱ्यांच्या डोळ्यांखालची रात्र,
लग्नाच्या सकाळी नवरीच्या हनुवटीवर उगवलेली पुटकुळी,
आणि दोनदा, बिअट्रिसच्या अंत्यविधीगृहात,
मेलेल्यांचं मेलेपण.

व्हर्नन कोलारच्या स्वयंपाकघरात मात्र
मला म्हणाले, थोडं उघडं करा.
दिग्दर्शक तसा सौम्य पोरगा, ओमाहाहून आलेला,
बुटांना चिखल लागू नये म्हणून मक्याच्या खुंटांमधून
उड्या मारत आला होता.
"व्रण कॅमेऱ्यात हरवतोय. जरा लालसर कराल?
आणि डावी बाजू उजेडात घ्या."

जबड्यापासून कानामागे गेलेला तो व्रण
अकरा वर्षांचा.
जुन्या शिवणीसारखा पांढरा, मिटून बसलेला.
तिथे केस उगवत नाहीत,
तरी व्हर्नन रोज त्यावरून वस्तरा फिरवतो.

बोटावर लाली घेतली आणि हात थांबला.
"लाव गं लॉरेटा," तो म्हणाला, "पैसे घेतलेत मी."
मग, थोड्या वेळाने:
"घेतले नाहीत. तुला सोपं जावं म्हणून म्हणालो."

त्याला हवा होता दवाखाना.
गावातला बंद झाला तर पुढचा चार तासांवर,
आणि त्या उमेदवाराने
त्याचा हात दोन्ही हातांत धरून शब्द दिला होता.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणे.
पण हा जिवंत होता,
आणि लोणी त्यानेच वाटीत काढून पुढे सरकवलं होतं.
आता कुणाला काय म्हणायचं?

नोव्हेंबर तोंडावर, वारा कापत होता.
त्याला अर्धी चड्डी घालायला लावली.
पायाचा लोखंडी गुडघा कुरकुरला
तशी मी तेलाची बाटली शोधू लागले.
आवाजवाला म्हणाला, राहू द्या, छान येतोय.

चाळीस मिनिटं तो बोलला
ऑस्कर बेनाविदेसबद्दल.
खिशात सूर्यफुलाच्या बिया,
टरफलं हेल्मेटमध्ये थुंकायचा,
पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला की गाणं म्हणायचा,
त्या दिवशी जीपमध्ये त्याने जागा बदलून मागितली,
आणि व्हर्ननने दिली.
दिग्दर्शकाने डोळे पुसले. खरेच पुसले.

तीस सेकंदांत ऑस्कर मावला नाही.
उरला फक्त व्हर्ननचा एक आवंढा,
मागे झेंडा, व्हायोलिन,
आणि खाली बारीक अक्षरांत उमेदवाराची संमती.
व्हर्ननची संमती कुठल्याशा फाइलमध्ये असेल.
तो आवंढा, सांगते, गरम कॉफीचा होता.
कप मीच दिला होता.

संध्याकाळी क्रीम लावून व्रण पुसत बसले.
लाली निघाली.
पण चोळून चोळून
खालचा पांढरा खरोखरच लाल झाला होता.
तो काही बोलला नाही. माझा चेक वेळेवर आला.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या पक्षानेही एक आणली,
चाकांच्या खुर्चीतली, नर्स होती म्हणे सैन्यात.
तिची उजवी बाजू उजेडात.
कुणी केलं असेल तिचं काम?
चांगलं केलं होतं.

मग एकदा पेट्रोल भरताना
पंपावरच्या छोट्या पडद्यात तो दिसला,
स्वस्त सॉसेज आणि हवामान यांच्या मधे.
आणि शेजारच्या पंपावर, हातात नळी धरून,
तोच उभा.

निवडणूक होऊन आठवडा झाला होता,
कुणी ती काढायला विसरलं होतं.
दवाखान्याचं मी विचारलं नाही.
तो पडद्याकडे बघत राहिला, मान थोडी कलती करून,
आरशात बघतात तसा.
"लाली जरा जास्त झाली, नाही?"
"हो," मी म्हणाले, "जास्तच."

त्याची टाकी भरली, नळीने खटका दिला.
तो तिथेच उभा होता,
पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं बघत.